इरेनियसने शुभवर्तमाने जाळली नाहीत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीवर, म्हणजे चर्चवर, जो लेख आला, त्यात फ्रान्समधल्या ल्योंचा बिशप इरेनियस याच्याविषयी चार विधाने आहेत. त्याने चारच शुभवर्तमाने (येशूच्या चरित्राचे ग्रंथ) ठेवून बाकीची जाळायला लावली. हे काम निकिया येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेत झाले. येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या नावाचे शुभवर्तमान त्याने दडपले. आणि ‘ज्ञानमार्गी’ लोकांना त्याने पाखंडी ठरवले. पहिली तीन विधाने सपशेल चूक आहेत. चौथे अर्धे बरोबर आहे, पण मराठी वाचक ते भलत्याच अर्थाने घेईल. विषय सोलापुरात रोज चर्चेला येणारा नाही, म्हणून चूक तशीच राहून जायची भीती जास्त. पत्र थोडे लांबले आहे, सांभाळून घ्यावे.

आधी सनावळी पाहू, कारण पहिली दोन विधाने तिथेच कोसळतात. इरेनियस मूळचा स्मुर्ण्याचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमिरचा. लहानपणी त्याने तिथला वृद्ध बिशप पॉलिकार्प याचे बोलणे प्रत्यक्ष ऐकले होते. पुढे तो गॉल प्रांतात, ऱ्होन आणि सोन या नद्यांच्या संगमावरच्या लुग्दुनुममध्ये, आजच्या ल्योंमध्ये, मंडळीचा वडील, म्हणजे ज्येष्ठ धर्मसेवक, झाला. इ. स. १७७ मध्ये मार्कस ऑरेलियस बादशहा असताना तिथे ख्रिस्ती लोकांची धरपकड झाली. नव्वदी ओलांडलेला बिशप पोथिनस मारहाणीनंतर तुरुंगात मेला. ब्लांदिना नावाच्या दासीला आखाड्यात छळून मारले. मेलेल्यांची प्रेते सहा दिवस उघड्यावर ठेवली, मग जाळून राख ऱ्होनमध्ये टाकली. इरेनियस तेव्हा मंडळीचे पत्र घेऊन रोमला गेला होता. परतल्यावर पोथिनसच्या जागी तो बिशप झाला आणि इ. स. १८०च्या सुमारास त्याने आपला पाच पुस्तकांचा ग्रंथ लिहायला घेतला.

ख्रिस्ती धर्माला साम्राज्यात मोकळीक मिळाली ३१३ मध्ये. निकियाची परिषद भरली ३२५ मध्ये. म्हणजे इरेनियसच्या ग्रंथानंतर जवळजवळ १४५ वर्षांनी. ज्याच्या स्वतःच्या मंडळीची राख नदीत गेली, तो कोणाचे ग्रंथ कोणाकडून जाळवणार? त्याच्या हाती शिपाई नव्हता, कचेरी नव्हती, तिजोरी नव्हती. आणि निकियाने जे २० नियम केले, त्यांतला एकही पवित्र शास्त्रात कोणती पुस्तके असावीत याबद्दल नाही. ही कथा कादंबऱ्यांतून आणि चित्रपटांतून पसरली आहे, नियमांच्या मजकुरातून नव्हे.

सोलापूरकरांसाठी इथे थोडे विषयांतर. ल्यों म्हणजे तेच शहर, जिथे झोसेफ मारी जाकार याने १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर नक्षी विणणारा माग उभा केला. आपल्या चादरीवर मोर उठतो तो या जेकार्डच्या जोरावर. त्या शहरात रेशीम विणकरांची वस्ती क्रुआ-रूस टेकडीवर होती आणि १७७ च्या रक्तसाक्ष्यांशी जोडला जाणारा रोमन आखाडाही त्याच टेकडीच्या उतारावर आहे. ही केवळ योगायोगाची गोष्ट, पण इरेनियसची एक उपमा समजायला ती पुढे उपयोगी पडेल.

आता शब्दांचा घोळ. ग्रंथाचे मूळ ग्रीक नाव लांबलचक आहे: ‘खोटेपणाने ज्ञान म्हणवणाऱ्या गोष्टीचा उलगडा आणि खंडन’. यातला ‘खोटेपणाने ज्ञान म्हणवणारी’ हा भाग नव्या करारातल्या, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटून उचलला आहे. ‘पाखंडांविरुद्ध’ हे रूढ झालेले आटोपशीर नाव. ज्यांना इंग्रजीत नॉस्टिक म्हणतात त्यांना लेखात ‘ज्ञानमार्गी’ म्हटले, की आपल्याकडच्या वाचकापुढे ज्ञान, कर्म, भक्ती हे तीन मार्ग उभे राहतात आणि बिशप ज्ञानाचाच वैरी होता असे वाटते. इरेनियसचा विरोध होता तो ठरावीक शिकवणुकीला. हे जग खऱ्या देवाने नव्हे, तर एका खालच्या, अजाण कारागिराने घडवले. शरीर तारणाला अपात्र आहे. आणि माणसे जन्मतःच तीन जातींची, आत्मिक, जैविक आणि मातीची, त्यांत पहिली काहीही केले तरी तरणार व शेवटची काहीही केले तरी नाश पावणार. हा तिसरा मुद्दा महाराष्ट्रात निराळा समजावून सांगायची गरज नसावी. ‘नॉस्टिक’ हाच शब्द देवनागरीत ठेवावा, असे आम्हाला वाटते.

‘पाखंड’ शब्दाचीही गंमत आहे. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात ‘पासंड’ म्हणजे नुसता पंथ, कोणताही, शिवी नाही. ग्रीक ‘हैरेसिस’ म्हणजेही आधी निवड, मग पंथ. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात परूशी व सदूकी या यहूदी पंथांसाठी तोच शब्द येतो. दोन भाषांत दोन शब्द एकाच उतारावरून घसरत शिवीपर्यंत आले. इरेनियसच्या लेखणीत तो बराच खाली आलेला आहे, हे मान्य.

आता मुख्य गोष्ट. त्याची काम करण्याची रीत लेखात अजिबात आलेली नाही, आणि तीच तर पाहण्यासारखी आहे. पहिल्या पुस्तकाच्या आरंभी तो सांगतो की वॅलेंटिनस या नॉस्टिक गुरूच्या शिष्यांची टिपणे त्याने वाचली आणि त्यांच्यापैकी काहींना भेटून त्यांचे मत समजून घेतले. मग अख्खे पहिले पुस्तक, ३१ प्रकरणे, तो प्रामुख्याने दुसऱ्याचे म्हणणे मांडतो. खंडनाला खरा हात घालतो तो दुसऱ्या पुस्तकात. त्याचे कारण पहिल्याच्या शेवटी दिले आहे: रानात दडून माणसांवर झेप घालणाऱ्या जनावराभोवतीची झाडी तोडून त्याला उघड्यावर आणले, की निम्मे काम झाले, मग ते सगळ्यांना दिसते. आपण कलावंत लेखक नाही, केल्टांमध्ये राहून त्यांचीच भाषा बोलायची सवय झाली आहे, असेही तो आधीच सांगून टाकतो.

ती मांडणी किती तपशिलात आहे पाहा. वॅलेंटिनसच्या पंथात दैवी पूर्णतेत, म्हणजे ‘प्लेरोमा’त, ३० ‘एऑन’, म्हणजे दैवी शक्ती, आहेत, जोडीजोडीने. पहिले आठ: अथांग आणि मौन, मन आणि सत्य, शब्द आणि जीवन, मानव आणि मंडळी. शब्द-जीवन या जोडीपासून दहा, मानव-मंडळीपासून बारा. आठ, दहा, बारा मिळून तीस. शेवटची सोफिया, म्हणजे प्रज्ञा. तिला अथांग पित्याला जाणून घ्यायचा अनावर ध्यास लागतो, तोल जातो, ‘सीमा’ तिला आवरते आणि तिचा तो ध्यास बाहेर फेकला जातो. त्या बाहेर पडलेल्या ध्यासाला अखामोथ म्हणतात. तिच्या अश्रूंपासून पाणी झाले, हसण्यापासून प्रकाश, दुःखापासून आणि भयापासून जगातले जड पदार्थ.

नव्याने वाचणारे इथेच पुस्तक मिटतात. पुढच्याच पानावर इरेनियसचा विनोद सुरू होतो हे त्यांना कळत नाही. तो म्हणतो, मीही थोडी भर घालतो. अश्रू खारट, तेव्हा समुद्राचे पाणी तिच्या अश्रूंचे हे पटले. पण नद्यांचे आणि झऱ्यांचे गोडे पाणी कुठून आले? बहुधा तिला घाम फुटला असावा! उजनीच्या गोड्या पाण्याची चार-चार दिवस वाट पाहिलेल्या शहराला हा प्रश्न अगदीच परका नाही. अकराव्या प्रकरणात तर तो स्वतःची देववंशावळ रचतो: सर्वांच्या आधी एक भोपळा, त्याच्यासोबत पूर्ण-रिकामेपण, दोघांपासून काकडी, काकडीची जोडीदार खरबूज, आणि या चौघांपासून बाकीची सगळी बरळणारी खरबुजे. परीक्षेतल्या शून्याला भोपळा म्हणणाऱ्या भाषेत हा विनोद मूळ ग्रीकपेक्षाही अधिक लागतो.

आकड्यांवरचा त्याचा हल्लाही असाच. वॅलेंटिनसचे लोक तीस हा आकडा शास्त्रातून काढत. येशू तीस वर्षे अप्रकट राहिला, हा एक पुरावा. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मजूर पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि अकराव्या तासाला आले, बेरीज तीस, हा दुसरा. बेरीज बरोबर आहे, ती घरी कोणीही करून पाहावी. इरेनियसने उत्तरादाखल पाच हा आकडा घेतला. ग्रीकमध्ये ‘तारणारा’ या शब्दात पाच अक्षरे, ‘पिता’त पाच, ‘प्रीती’त पाच; भाकरी पाच, बोटे पाच, इंद्रिये पाच. मग तीसच का, पाच का नाही? त्याचा नियम असा की आकड्यांवरून शिकवण काढू नये, आकडे शिकवणुकीवरून समजून घ्यावेत.

आणि आता ती उपमा. पहिल्या पुस्तकाच्या आठव्या प्रकरणात तो म्हणतो: एखाद्या कुशल कारागिराने मौल्यवान खड्यांतून राजाचे सुंदर चित्र जुळवले. दुसऱ्याने तेच खडे सुटे करून त्यांचा कोल्हा किंवा कुत्रा जुळवला, तोही ओबडधोबड, आणि सांगू लागला, हेच राजाचे चित्र, खडे ओळखीचे नाहीत का? सोलापुरात हे मागावर समजते. सूत तेच, रंग तेच, माग तोच. पुठ्ठ्यांचा क्रम फिरवला की मोराच्या जागी काहीतरी भलतेच उठते. म्हणून ‘हे वचन शास्त्रात आहे की नाही’ एवढे तपासून भागत नाही, ते कोणत्या क्रमात, कशाशी जुळवून वाचले हे पाहावे लागते, असा त्याचा मुद्दा. तो क्रम त्याच्या मते बाप्तिस्म्याच्या वेळी मिळणारा ‘सत्याचा नियम’ देतो: एक देव, आकाश व पृथ्वीचा कर्ता, एक ख्रिस्त येशू, जो देहधारी झाला, आणि पवित्र आत्मा. प्रास्ताविकात तो काचेने पाचूची नक्कल केल्याचे आणि चांदीत पितळ मिसळल्याचे उदाहरणही देतो. पारख नसेल तर नक्कल असलीपेक्षा जास्त चमकते. भौगोलिक मानांकन मिळालेल्या चादरीच्या नावावर परगावचा माल खपताना पाहिलेल्या बाजाराला याहून जास्त काय सांगावे!

चार शुभवर्तमानांबद्दल. त्याने ती ‘निवडली’ नाहीत. ती मंडळ्यांत आधीपासून वाचली जात होती, आणि एकेक पंथ त्यांतले एकेकच धरून बसला होता, ही त्याची तक्रार. एबिओनी हा यहूदी वळणाचा पंथ फक्त मत्तय वापरी. मार्किओन नावाच्या पंथप्रमुखाने फक्त लूक ठेवला, तोही कापून, शिवाय पौलाची दहाच पत्रे. जुना करार पूर्ण बाद. येशू वेगळा आणि ख्रिस्त वेगळा म्हणणारे मार्ककडे जात. वॅलेंटिनसचे लोक योहानावर भर देत, वर ‘सत्याचे शुभवर्तमान’ नावाचे आणखी एक त्यांच्याकडे होते. याला उत्तर म्हणून तो म्हणतो की दिशा चार, मुख्य वारे चार, म्हणून स्तंभही चार. हा युक्तिवाद लंगडा आहे. ज्याने आकड्यांवरून शिकवण काढू नये म्हटले, त्यानेच इथे चारचे स्तोत्र गायले. त्याचा मजबूत युक्तिवाद दुसराच: ही शिकवण उघडपणे, पिढ्यान्‌पिढ्या, नावानिशी सांगता येईल अशा माणसांकडून आली. रोमच्या बिशपांची यादी तो लीनसपासून त्याच्या काळच्या एल्यूथेरसपर्यंत देतो, बारा नावे. गुप्त शिकवण असती तर प्रेषितांनी ती ज्यांच्या हाती मंडळ्या सोपवल्या त्यांनाच आधी दिली असती, हा त्याचा रोकडा सवाल आहे.

यहूदाच्या शुभवर्तमानाचे तर उलटेच घडले. पहिल्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात इरेनियसने त्याचा नावानिशी उल्लेख केला. इजिप्तमध्ये सापडलेले कॉप्टिक (तिथल्या ख्रिस्ती लोकांच्या जुन्या भाषेतले) हस्तलिखित २००६ मध्ये प्रसिद्ध झाले, तोपर्यंत या पुस्तकाचे नाव जगाला ठाऊक होते ते इरेनियसमुळे आणि त्याच्यामागून लिहिणाऱ्यांमुळे. दडपणारा माणूस नाव लिहून ठेवत नाही.

त्याने दुसऱ्यांचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडले का, हे आता तपासता येते. १९४५ मध्ये इजिप्तमधल्या नाग हम्मादीजवळ एका रांजणात १३ कॉप्टिक हस्तलिखिते सापडली. त्यांतल्या तिघांत ‘योहानाचा गुप्तग्रंथ’ आहे; चौथी प्रत बर्लिनमध्ये आधीपासून होती. इरेनियसच्या पहिल्या पुस्तकाचे २९ वे प्रकरण या ग्रंथाच्या सुरुवातीच्या भागाशेजारी ठेवून वाचावे. देवशक्तींची उतरंड इतकी जुळते की त्याच्यासमोर याच ग्रंथाचे एखादे रूप होते हे उघड दिसते. मात्र तिथेच सापडलेले, ‘सत्याचे शुभवर्तमान’ म्हणून ओळखले जाणारे लिखाण वाचले की त्याची उणीवही कळते. त्यात तीस एऑनांची वंशावळ नाही. आहे एक हळवे, सुंदर प्रवचन. इरेनियसने सांगाडा बरोबर काढला, पण त्या लोकांना त्यात काय गोड लागत होते ते त्याच्या पानांवर उतरले नाही. ज्याच्यावर टीका करायची त्याच्या भक्तीपर्यंत टीकाकार क्वचितच पोहोचतो.

त्याच्या आणखी चुका. सगळ्या पंथांचे मूळ तो शिमोन जादूगारापाशी नेतो. इतक्या वेगवेगळ्या गटांची एकच वंशावळ आजचे अभ्यासक मानत नाहीत. येशू पन्नाशीच्या जवळ गेला होता असे तो दुसऱ्या पुस्तकात ठासून सांगतो. तीस वर्षांचा हिशेब मोडून काढण्याच्या भरात हे झाले असावे. पाचव्या पुस्तकात येणाऱ्या राज्याचे वर्णन पापियास या जुन्या बिशपाच्या हवाल्याने आहे: एका वेलीला दहा हजार फांद्या, प्रत्येक फांदीला दहा हजार डहाळ्या, प्रत्येक डहाळीला दहा हजार फुटवे, प्रत्येक फुटव्याला दहा हजार घड, प्रत्येक घडाला दहा हजार मणी, आणि एका मण्यातून २५ मेट्रेटीस द्राक्षारस. मेट्रेटीस म्हणजे साधारण ३९ लिटर. एकावर वीस शून्ये इतके मणी, एका वेलीला! बार्शी-पंढरपूरकडच्या बागायतदाराने यातला विरळणीचा खर्च विचारला तर नवल नाही.

‘कट्टर’ हे विशेषण लेखात तीनदा आले आहे, म्हणून एकच प्रसंग. इ. स. १९०च्या सुमारास रोमन ‘आशिया’ प्रांतातल्या (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या) मंडळ्या यहूदी निसान महिन्याच्या १४ तारखेला वल्हांडण (ईस्टर) पाळत, रोम रविवार धरी. रोमचा बिशप विक्टर आशियाच्या मंडळ्यांना तोडायला निघाला. इरेनियस स्वतः रविवार पाळणारा, पण त्याने विक्टरला लिहिले की पूर्वी पॉलिकार्प आणि रोमचा तेव्हाचा बिशप अनिकेतस यांचेही या प्रश्नावर एकमत झाले नव्हते, तरी दोघांनी एकत्र प्रभुभोजन घेतले आणि शांतीने निरोप घेतला. उपासातला फरक विश्वासातली एकी पक्की करतो. त्याच्या नावाचा अर्थही ‘शांतीचा’ असाच होतो. २१ जानेवारी २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्याला ‘एकतेचा आचार्य’ म्हणून जाहीर केले ते याच धाग्यावरून. पश्चिमेकडच्या मंडळ्यांत त्याचा सण २८ जूनला असतो.

ज्यांना वाचायचे आहे त्यांच्यासाठी दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करू नये. तिसऱ्यापासून करावी, मग चौथे (जुना व नवा करार एकाच देवाचे), मग पाचवे (शरीराचे पुनरुत्थान), आणि त्यानंतर पहिले-दुसरे. संपूर्ण ग्रंथ फक्त लॅटिन भाषांतरात उरला आहे. ग्रीक तुकड्यातुकड्यांनी मिळते. पहिल्या पुस्तकाचे बरेचसे ग्रीक एपिफानियस या चौथ्या शतकातल्या बिशपाने आपल्या ग्रंथात उतरवून घेतल्यामुळे वाचले. चौथ्या-पाचव्याचे आर्मेनियन भाषांतर आहे. त्यामुळे एखाद्या शब्दावर इमारत उभारण्याआधी तो लॅटिन अनुवादकाचा शब्द आहे हे लक्षात ठेवावे. दाखला सापडत नसेल तर आवृत्ती पाहावी: बहुतेक जण १७१० च्या मास्युएच्या आवृत्तीचे प्रकरण-क्रमांक वापरतात, पण १८५७ च्या हार्वीच्या आवृत्तीचे वेगळे आहेत, आणि जुनी इंग्रजी पुस्तके कधी एक तर कधी दुसरे देतात. ‘देवाचे गौरव म्हणजे जिवंत माणूस’ हे वाक्य प्रवचनांत आणि भिंतीवरच्या फलकांत अर्धेच येते. उरलेले अर्धे असे: ‘आणि माणसाचे जीवन म्हणजे देवाचे दर्शन’. ते गाळले की वाक्याचा तोंडवळाच बदलतो.

शेवटी आपल्या मुद्रितशोधकांसाठी एक विनंती. नव्या करारातल्या शेवटच्या, प्रकटीकरण या पुस्तकातल्या श्वापदाचा आकडा इरेनियसच्या काळीच काही प्रतींत ६६६ ऐवजी ६१६ झाला होता. त्याने कारणही दिले आहे: ग्रीकमध्ये अक्षरे हेच आकडे, आणि साठचे अक्षर ‘क्सी’ नकलताना बिघडून दहाचे ‘इओटा’ झाले, पन्नास कमी पडले. सगळ्या चांगल्या आणि जुन्या प्रतींत ६६६ आहे, असे तो सांगतो. भाबडेपणाने चुकलेल्यांना क्षमा व्हावी, असेही म्हणतो. आणि त्या आकड्यावरून कोणाचे नाव काढायची घाई करू नये असे बजावतो. मोबाइलवर दर महिन्याला नवे नाव काढणाऱ्यांनी हे प्रकरण, पाचव्या पुस्तकातले तिसावे, जरूर वाचावे. ६१६ लिहिलेला एक जुना पपायरस इजिप्तमध्ये खरोखरच सापडला, तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या एका लिखाणाच्या शेवटी त्याने नकलकाराला प्रभू येशूची शपथ घातली आहे: जे उतरवशील ते या प्रतीशी काळजीपूर्वक ताडून दुरुस्त कर, आणि ही शपथही उतरव. तेव्हा हे पत्र छापताना वरचे दोन आकडे एकदा ताडून पाहावेत, आणि लेखातील पहिल्या तीन विधानांची दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच जागी यावी.

कळावे,
मंडळीच्या इतिहासाचे दोन वाचक,
सोलापूर